वेगाची पाटी कोणाकडे बघून लावायची?

मागच्या महिन्यात कारंज्याहून मालेगावला जायचे होते आणि एसटी चुकली. ओळखीच्या एका मुलाने पिकअपमध्ये बसवून घेतले. वय तेवीस-चोवीस. डॅशबोर्डवर आयतुल कुर्सीचे स्टिकर, त्याच्या खाली खर्ऱ्याची अर्धी पुडी. गाडी मालकाची, माल व्यापाऱ्याचा, घाई मात्र ह्याची. काटा नव्वदच्या आसपास थरथरत होता आणि पुढे सोयाबीनची पोती लादलेला एक ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय चालला होता. मी म्हणालो, "बेटा, जरा हळू."

तो हसला. "चाचा, दहाच्या आत नाई पोचलो त खेपेचे दोनशे कटते. हळू चालवतो मी, मंग दोनशे तुमी देता काय?"

रस्त्यात एका जागी वेगमर्यादेची पाटी होती. तिच्यावर बाभळीची फांदी आलेली. आकडा मला दिसला नाही, आणि त्या मुलाने तिकडे बघितलेही नाही. मालेगाव येईपर्यंत मी गप्प होतो, कारण त्याच्या दोनशे रुपयांचे उत्तर माझ्याकडे नव्हते. रस्त्यावरच्या वेगाविषयी बोलताना आपण सहसा तरुणांच्या बेदरकारपणापासून सुरुवात करतो. यावेळी तसे करायचे नाही असे तिथेच ठरवले.

आपल्या वाशिम जिल्ह्यात आज दोन प्रकारचे रस्ते शेजारी शेजारी धावतात. एक समृद्धी महामार्ग. त्याचे सुमारे ९७ किलोमीटर आपल्या जिल्ह्यातून जातात. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. एकूण लांबी ७०१ किलोमीटर. रस्त्याचा आराखडा ताशी १५० किलोमीटर वेगाचा आहे, परवानगी कारला १२० ची आणि मालट्रकला ८० ची. दुचाकी आणि ऑटोरिक्षाला तिथे प्रवेशच नाही.

दुसरा आपला जुना रस्ता. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव आणि पुढे मेहकरकडे जाणारा नागपूर–औरंगाबाद मार्ग, आणि मालेगावात त्याला आडवा जाणारा अकोला–वाशिम–हिंगोली हा राष्ट्रीय महामार्ग १६१. इथे कुंपण नाही. इथे एसटीची वाट बघणारी शाळेची मुले आहेत, बाजारातून पिशवी घेऊन निघालेली खाला आहे, बैलजोडी आहे, रात्री शेतातून रस्त्यावर येणारा रोही आहे. मंगरूळपीरला दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यावर निघालेले, एका मोटारसायकलवर बसलेले चौघांचे कुटुंब आहे. ज्याच्याकडे कार नाही आणि टोलचे पैसे नाहीत त्याचा रस्ता हाच. जिल्ह्यातल्या बहुतेक माणसांचे येणे-जाणे अजूनही याच रस्त्याने होते.

समृद्धीवर अपघात झाला की राज्यभर चर्चा होते, मुख्यमंत्री येतात. जुन्या रस्त्यावर एक मोटारसायकलस्वार गेला तर वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर चार ओळी येतात आणि दफनविधी असरच्या नमाजनंतर उरकतो. पण एकेक करून गेलेली ही माणसेच जास्त आहेत. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतले सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होते आणि जवळपास २० टक्के पायी चालत होते. म्हणजे दहातल्या सहांहून अधिक जणांच्या अंगाभोवती पत्र्याचे आवरणच नव्हते.

आता वेगाचा आकडा ठरतो कसा ते पाहू. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून मर्यादा वाढवल्या. द्रुतगती मार्गावर कारला १२०, बसला १००, मालवाहू गाडीला ८०. चौपदरी दुभाजकाच्या रस्त्यावर कारला १००, मोटारसायकलला ८०. आणि 'इतर रस्ते' या गटात कारला ७०, ट्रक, बस आणि मोटारसायकलला ६०. रस्ते चांगले झाले, गाड्या चांगल्या झाल्या, हे त्यामागचे कारण. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ही वाढ रद्द ठरवली. गाडी सुधारली म्हणून चालवणारा सुधारत नाही, असा त्या निकालाचा साधारण रोख होता. तो कायदेशीर वाद वकिलांवर सोडू. समृद्धीच्या पाटीवर १२० हाच आकडा आहे.

माझा आक्षेप त्या १२० पेक्षा 'इतर रस्ते' या दोन शब्दांवर आहे. शेलूबाजारच्या चौकातून जाणारा रस्ता आणि दोन्ही बाजूंना पाच किलोमीटर नुसती तूर असलेला रस्ता, दोन्ही या एकाच गटात बसतात. दिल्लीतला आकडा गावच्या चौकाला ओळखत नाही, आणि त्याने ओळखावे अशी अपेक्षाही नाही. कायद्यानेच त्यासाठी जागा ठेवली आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११२: सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याचे स्वरूप पाहून राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी एखाद्या भागापुरती कमी मर्यादा ठरवू शकतो. अट दोन गोष्टींची. राजपत्रात अधिसूचना हवी आणि रस्त्यावर योग्य जागी फलक हवा. फांदीआड गेलेली पाटी ही त्या अर्थाने फक्त बागकामाची हयगय ठरत नाही, ज्या आकड्यावरून दंड करायचा तो आकडाच तिथे गायब असतो.

मग चौकातला आकडा किती असावा? जगात याची दोन उत्तरे आहेत. जुने उत्तर अमेरिकन अभियंत्यांचे: मोकळ्या रस्त्यावर शंभरातले पंच्याऐंशी चालक ज्या वेगाच्या आत चालवतात तो वेग मर्यादा म्हणून धरा. म्हणजे बहुमत वेगवान झाले की मर्यादाही वाढणार. या मतदानात रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला मत नाही. दुसरे उत्तर स्वीडनने १९९७ पासून धरले. तिथे प्रश्न उलटा विचारतात: इथे धडक झालीच तर माणसाचे शरीर किती सोसेल? ताशी ३० किलोमीटरने धडक बसलेले बहुतेक पादचारी वाचतात, ५० च्या पुढे वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते आणि ८० ला जवळजवळ उरत नाही. म्हणून जिथे माणसे आणि गाड्या एकत्र वावरतात तिथे ३०. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला झालेल्या जागतिक परिषदेने हेच जाहीरनाम्यात लिहिले. आपले रस्ते वाहतूक मंत्री त्या परिषदेला हजर होते.

शेलूबाजारच्या चौकात, मालेगावच्या तिठ्यावर, प्रत्येक शाळा, मदरसा आणि बसथांब्यासमोर ३० चा आकडा लावा, तो अधिसूचित करा आणि वाचता येईल असा लावा, एवढी ही मागणी आहे. "३० ने कोण चालवतो?" असे कोणी विचारेल. आज कोणी चालवत नाही, कारण रस्ता सरळ, रुंद आणि गुळगुळीत आहे आणि चालकाला १०० चा वाटतो. पाटी एक सांगते, डांबर दुसरेच सांगते, आणि चालक डांबराचे ऐकतो. म्हणून आकड्याबरोबर रस्त्याचा आकारही बदलावा लागतो. गावात शिरताना रस्ता अरुंद भासेल असे दुभाजक हवेत, उंच केलेले ओलांडमार्ग आणि दिवे हवेत.

तसे न केल्यावर काय होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. गावात अपघात होतो. लोक रस्त्यावर उतरतात, टायर पेटतात, तहसीलदार येतात, आश्वासन देतात. आश्वासनाचा अनुभव असल्यामुळे गावकरी रात्रीतून मुरूम आणि सिमेंट आणून स्वतःच गतिरोधक घालतात. उंच, टोकदार, रंग नाही, आधी सूचना नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ ने गाडी अलगद वर जाऊन उतरावी असा गोलसर. आपला गावठी गतिरोधक जेमतेम हातभर रुंदीचा आणि गुडघ्याकडे झुकलेल्या उंचीचा. ट्रक त्यावरून दणकत जातो, आणि पुढच्या महिन्यात मागे बसलेली एखादी बाई त्याच गतिरोधकावर मोटारसायकलवरून पडते. गावकऱ्यांना हसण्यात अर्थ नाही. कोणी आकडा ठरवला नाही, ठरवलेला दाखवला नाही, दाखवलेला पाळून घेतला नाही, म्हणून त्यांनी हातात होते त्याने मर्यादा घातली. ती वेगमर्यादाच आहे, फक्त सिमेंटमध्ये लिहिलेली.

आणि सरकारी व्यवस्था कधी जागी होते? राष्ट्रीय महामार्गावर 'ब्लॅक स्पॉट' ठरवण्याची व्याख्या आहे: साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. दहावा माणूस जाईपर्यंत पहिल्या नऊंच्या घरच्यांनी काय करायचे, याचे उत्तर त्या व्याख्येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९८-अ आले. रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत सुरक्षेची मानके पाळली नाहीत आणि त्यामुळे कोणी दगावले किंवा अपंग झाले, तर जबाबदार प्राधिकरण किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. रास्ता रोकोच्या निवेदनात हे कलम लिहिलेले मी अजून वाचलेले नाही. लिहायला हवे.

आता समृद्धीकडे वळू, कारण अंमलबजावणीचा खरा धडा तिथे आहे.

१ जुलै हा आपल्या जिल्ह्याचा वाढदिवस. १९९८ साली याच दिवशी अकोल्यापासून वाशिम वेगळे झाले. २०२३ च्या १ जुलैला पहाटे दीडच्या सुमारास नागपूरहून पुण्याला निघालेली एक खासगी बस आपला जिल्हा ओलांडून गेली आणि सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा शिवारात खांबाला आणि दुभाजकाला धडकून उलटली, पेटली. २५ माणसे गेली. पहिल्या तासात टायर फुटल्याचे सांगितले गेले. परिवहन अधिकाऱ्यांना घटनास्थळी टायर फुटल्याच्या खुणा आढळल्या नाहीत आणि बस अतिवेगात नव्हती असेही त्यांच्याकडून सांगितले गेले. पुढे चालकाच्या रक्तात मद्याचा अंश सापडल्याचा न्यायवैद्यक अहवाल आला. ही कथा मुद्दाम सांगतो. सरकारी आकडेवारीत २०२२ च्या मृत्यूंपैकी ७१ टक्के 'अतिवेगा'मुळे झाले असे लिहिले आहे. त्या प्रत्येक ठिकाणी वेग कोणी मोजला होता का? बहुतेक ठिकाणी पंचनाम्याच्या नमुन्यात एक रकाना भरला गेला. अतिवेग हा सोयीचा रकाना आहे. त्यात सगळा दोष चालकाकडे जातो आणि झोप, दारू, दिवा नसलेला ट्रॅक्टर, चुकीचे वळण, मालकाची घाई हे सगळे बाहेर राहते. वेग घातक आहेच. पण वेग मोजायचा असतो, अंदाजाने लिहायचा नसतो.

त्याच वर्षी १५ ऑक्टोबरच्या मध्यरात्री वैजापूरजवळ, समृद्धीवरच, नाशिकच्या भाविकांची मिनीबस एका ट्रकवर मागून आदळली. १२ जण गेले. हे सगळे बुलढाण्याच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावरून परतत होते. सैलानीला कोण जाते हे विदर्भात सांगावे लागत नाही. तिथे जाणाऱ्यांचा धर्म कोणी विचारत नाही. गाडीत ३५ जण होते. आणि पुढचा ट्रक? परिवहन विभागाच्या पथकाने तो तपासणीसाठी थांबवला होता असा आरोप झाला, ट्रकचालकासोबत दोन अधिकाऱ्यांनाही अटक झाली. ज्या रस्त्यावर कोणी थांबूच नये म्हणून कुंपण घातले, तिथे कायद्याच्या माणसांनीच अंधारात ट्रक थांबवला, असा हा आरोप आहे.

थोडा हिशेब करू. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. समोर काही आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ५० मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक धरले तरी थांबायला आणखी ८० मीटर. एकूण १३० मीटर. ८० च्या वेगाला हेच अंतर सुमारे ७० मीटर होते. हेडलाइटच्या खालच्या झोताचा उपयोगी उजेड साधारण ५०–६० मीटरचा. म्हणजे रात्री १२० ने जाणारा चालक स्वतःच्या उजेडाच्या पुढे धावत असतो. दिवसा आणि रात्री मर्यादा एकच का, याचे उत्तर मला कुठे मिळालेले नाही. आणि वाचते किती? आपल्या जिल्ह्यातले ९७ किलोमीटर १२० ने ४८ मिनिटांत होतात आणि १०० ने ५८ मिनिटांत. दहा मिनिटे. शेलूबाजारला चहासाठी थांबलो तर याहून जास्त जातात.

मग पाळून कसे घ्यायचे? उत्तर समृद्धीवरच सापडले होते. तिथे आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ टोलनाक्यावर नोंदली जातेच. मधल्या अंतराला त्या वेळेने भागले की सरासरी वेग मिळतो. अंतर ठरलेले, घड्याळ ठरलेले, वाद कशाचा? २०२३ मध्ये परिवहन विभागाने याच हिशेबाने लवकर पोहोचलेल्या चालकांना बाहेर पडताना थांबवून समुपदेशन सुरू केले. लोकांनी थट्टा केली: दंड सोडून प्रवचन देतात म्हणून. मला तो प्रयोग त्या रस्त्यावरचा सर्वांत शहाणपणाचा वाटतो. एका जागच्या कॅमेऱ्यापुरते ब्रेक दाबून पुढे पुन्हा पळणाऱ्याला सरासरीच्या हिशेबात पळवाट नाही. कोणालाही अंधारात हात दाखवून थांबवावे लागत नाही. रस्ता सोडल्यावर, उजेडात, टोलच्या खिडकीशी हिशेब होतो. हे तुरळक मोहिमेपुरते न ठेवता कायमचे करावे, आणि अकोला–वाशिम–हिंगोली महामार्गावरही ठराविक अंतरावर दोन कॅमेरे लावून हाच हिशेब आणावा.

कॅमेरा म्हटले की आपल्या मोहल्ल्यात कपाळावर आठी पडते. "पैसे काढायचा धंदा." मला उलटे वाटते, आणि त्याचे कारण आपल्यातल्या अनेकांना सांगावे लागणार नाही. नाक्यावर कोणाला थांबवायचे हे जेव्हा माणूस ठरवतो, तेव्हा वेगाखेरीज टोपी, दाढी, गाडीवरचे स्टिकर, जुनी गाडी, गरीब चेहरा हे सगळे मोजले जाऊ शकते. कॅमेरा आधी वेग मोजतो आणि मग नंबर वाचतो. एमएच ३७ च्या पुढे कोणाचे नाव आहे ते त्याला तेव्हा माहीत नसते. मोटार वाहन कायद्याचे कलम १८३ तर असे सांगते की केवळ एका साक्षीदाराच्या 'मला वाटते तो जोरात होता' या मतावर कोणालाही दोषी धरता येत नाही, मोजमाप यंत्राचे हवे. हे कलम आपल्या मुलांनी पाठ करावे असे आहे.

पण यंत्रावरही डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे आणि ते दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. कॅमेरा आहे हे सांगणारा फलक आधी हवा. नोटीस १५ दिवसांत यायला हवी आणि तिच्यात फोटो, मोजलेला वेग, जागा, दिवस आणि वेळ हवी. चलान आले की बहुतेक जण एकतर शिव्या घालतात नाहीतर लोकअदालतीत अर्धे होईल म्हणून वाट बघतात. फोटो कोणी बघत नाही. बघा. वेग लिहिला नसेल तर तक्रार करा. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठांना लेखी सांगावे लागले की खासगी मोबाइलवर फोटो काढून चलान करू नका. ती वेळ का आली असेल हे प्रत्येक दुचाकीवाला जाणतो.

दंडाच्या रकमेबद्दलही एक सल आहे. कायद्याने हलक्या वाहनाला एक ते दोन हजार आणि जड-मध्यम वाहनाला दोन ते चार हजार रुपये ठेवले आहेत. मोठ्या गाडीतल्या माणसाला दोन हजार म्हणजे एका जेवणाचे बिल. पिकअपवाल्या मुलाचे आठवड्याचे घरखर्चाचे पैसे. फिनलंडमध्ये वेगाचा दंड उत्पन्नावर ठरतो. २०२३ मध्ये तिथल्या ओलांड बेटांवर ५० च्या टापूत ८२ ने गाडी चालवणाऱ्या एका धनाढ्याला १ लाख २१ हजार युरो भरावे लागले. आपल्याकडे ते उद्या होणार नाही. पण होणारच नसेल, तर निदान दंडाची पावती योग्य दारात जावी.

इथे माझ्या पिकअपवाल्या मुलाचे दोनशे रुपये येतात. अपघातानंतर चालकाचे नाव विचारले जाते, आणि ते नाव आपल्यातले असले की मोबाइलवर काय काय फिरू लागते तेही आपण भोगतो. मालकाचे वेळापत्रक मात्र कोणी मागत नाही. कायद्याने मागितले आहे. कलम १८३ चे पहिले पोटकलम सांगते की नोकराला वेगमर्यादा मोडायला लावणारा मालकही शिक्षेला पात्र आहे. चौथे पोटकलम आणखी पुढे जाते: एखादा प्रवास ठराविक वेळेत पूर्ण करण्याचे वेळापत्रक काढले किंवा तसा आदेश दिला, आणि मर्यादा मोडल्याशिवाय त्या वेळेत पोहोचणे शक्य नाही असे न्यायालयाला वाटले, तर ते वेळापत्रकच त्या माणसाविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरते. 'दहाच्या आत पोच, नाहीतर दोनशे कट' हा व्हॉट्सॲपवरचा आवाजी निरोप म्हणजे या कलमातला आदेशच. कारंजा ते मालेगाव मधल्या बाजारांतून रीतसर वेगाने जायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजता येते. हे कलम किती मालकांना लागले? मी ओळखत असलेल्या एकाही चालकाने त्याचे नाव ऐकलेले नव्हते, आणि त्यांत वीस वर्षे ट्रॅव्हल्स चालवलेलेही होते.

आपल्या तरुणांतले किती जण याच धंद्यात आहेत ते बघा. ट्रक, ट्रॅव्हल्स, पिकअप, काळी-पिवळी, कुरियरच्या पिशव्या. वेग हा त्यांच्यासाठी शौक नाही, ती रोजीची अट आहे. म्हणून संघटना बांधायची तर इथून बांधता येईल: प्रत्येक खेपेची वेळ लेखी घ्या, अशक्य वेळ असेल तर तसे लिहून कळवा, कापलेल्या पैशाची नोंद ठेवा. एकट्याने केले तर गाडी काढून घेतील. दहा जणांनी मिळून केले तर मालकालाही चालक लागतातच.

वरून लादलेला आकडा लोक मोडून काढतात, हे फ्रान्सने दाखवले. १ जुलै २०१८ ला तिथल्या सरकारने ग्रामीण दुपदरी रस्त्यांवरची मर्यादा ९० वरून ८० केली. जीव वाचवणे हाच हेतू होता. पण पॅरिसमध्ये मेट्रोने फिरणाऱ्यांनी, रोज पन्नास किलोमीटर गाडी चालवून कामावर जाणाऱ्यांना न विचारता ती केली असे खेड्यांना वाटले. त्याच हिवाळ्यात पिवळ्या जॅकेटांचे आंदोलन पेटले आणि देशातले निम्म्याहून अधिक वेग-कॅमेरे फोडले किंवा रंग फासून आंधळे केले गेले. पुढे जिल्ह्यांना ९० वर परत जाण्याची मुभा द्यावी लागली. आपल्याकडे जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते; जिल्हाधिकारी, पोलीस, बांधकाम आणि परिवहन विभाग तिच्यात बसतात. त्या टेबलाशी चालक नसतो, शाळेचे मुख्याध्यापक नसतात, चौकातला फळवाला नसतो. चौकाचा आकडा चौकातल्या माणसांना विचारून ठरला तर तो पाळून घेणारेही चौकातच उभे असतील.

आणि आता घरातले. रमजान ईदच्या दुपारी कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, कुठेही बघा. सायलेन्सर काढलेल्या बुलेट, एका गाडीवर तीन पोरे, त्यांतला चालवणारा नववीतला. अब्बा दारात उभे राहून कौतुकाने बघतात. १८ वर्षांखालील मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर कलम १९९-अ नुसार पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंग आहे, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. चालक होऊन घर चालवणार असलेल्या मुलाला ही सात वर्षे कोणती पडतात ते त्या अब्बांनी मोजावे. इथे मालकाचे दोनशे रुपये नाहीत, सरकारची पाटी नाही. हे आपलेच आहे आणि त्याबद्दल मला कोणताही युक्तिवाद ऐकायचा नाही.

या आठवड्यात आम्ही माहिती अधिकाराचा एक अर्ज वाशिमला देत आहोत. त्यात तीनच गोष्टी विचारल्या आहेत: कारंजा ते मालेगाव आणि अकोला–वाशिम–हिंगोली या दोन रस्त्यांवर कलम ११२ खाली कोणत्या जागी किती मर्यादा अधिसूचित आहे, तिथे लावलेल्या वेग मोजणाऱ्या यंत्रांची चालू वर्षाची प्रमाणपत्रे, आणि कलम १८३ खाली गेल्या पाच वर्षांत किती मालकांवर कारवाई झाली. रिसोड, मानोरा, मंगरूळपीरच्या वाचकांनी आपापल्या रस्त्याचे नाव घालून हाच अर्ज दिला तर उत्तम. मजकूर मागितला तर पाठवू. त्याआधी एक सोपे काम आहे. आपल्या गावात शिरताना जी वेगाची पाटी आहे तिचा फोटो काढा, जागा लिहा आणि आम्हाला पाठवा. फांदीमुळे आकडा दिसत नसेल तर फांदी बाजूला करू नका, तसाच फोटो पाठवा.